काजळाचं बोट

कंपाउंडर होतो म्हटलं की लोक दोन गोष्टी विचारतात. डॉक्टर नसताना तुम्हीच सुई टोचायचे का, आणि बाटलीत खरंच औषध असायचं का नुसतं लाल पाणी. दोन्हींची उत्तरं मी देत न्हाई. तिसरा एखादा भला माणूस विचारतो, निजामाच्या राज्यात तुम्ही पटकी बघितली, प्लेग बघितला, साप चावलेले बघितले, तर सगळ्यांत मोठी केस कुठली? त्याला मी सांगतो, दीड वर्षाच्या एका पोरीच्या गालावरचे फोड.  म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्याला वाटत असणार.

म्हणून आता तेच लिहून राह्यलो. गावाचं नाव सांगत न्हाई. भोकरदन तालुक्यातलं, पिंपळगाव रेणुकाईहून बैलगाडीनं दोन-तीन तासांवरचं, एवढं पुरे. त्या वक्ताला आमचा जिल्हा औरंगाबाद होता आणि दवाखान्याचं रजिस्टर उर्दूत. औषधाची पेटी जालन्याच्या स्टेशनावरून गाडीवानाच्या मर्जीनं यायची. जर्मनीशी दुसरी लढाई चालू होती, त्यामुळं पेटी मोठी आणि आत औषधापेक्षा भुसाच जास्त, अशी गत.

कंपाउंडरचं काम म्हणजे डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहायचं आणि आम्ही ते घोटून, गाळून, पुडीत बांधून खिडकीतून द्यायचं. बाटली मरीजानं घरून आणायची. ती कधी तेलाची असायची, कधी अत्तराची, एकदा तर शाईची. बाटलीला आम्ही कागदाची पट्टी चिकटवायचो आणि तिला कात्रीनं खाचा पाडायचो. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत औषध खाली आलं की एक डोस झाला. वाचता न येणाऱ्याला बी ते बराबर कळायचं.

मलमाची गोष्ट वेगळी. मलमाला खाच पाडता येत न्हाई, आणि ते न्यायला लोक काय वाट्टेल ते आणायचे. करवंटी, पळसाचं पान, चुन्याची डबी. एका गड्यानं खरजेचं गंधकाचं मलम चुन्याच्या डबीत नेलं आणि सवयीनं तंबाखूत मळून तोंडात टाकलं. तिसऱ्या दिवशी येऊन मला म्हणतो, "साहेब, खाज हाये तशीच हाये, पन तंबाखूची चव पार गेली." मी लई हसलो, चार जणांना सांगितलं. कुणाच्या हातात कुठली डबी आहे ते बघून मलम भरावं, हा धडा मला तेव्हाच मिळाला होता. मी तो घेतला न्हाई.

तर ती पोरगी. नाव सोनी. तिची आई गया, वीस-एकवीस वर्षांची, मारुतीच्या मागच्या गल्लीत राहणारी, घरची बरी शेती. बाजाराच्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन आली. सोनीच्या डाव्या गालावर हरभऱ्याएवढे तीन-चार फोड, त्यातले दोन फुटून त्यांच्यावर मधासारखी पिवळी खपली.

"कवापासून हाये?" मी विचारलं.

"चार दिस झाले. आधी तांदळाएवढं व्हतं. आता वरून वाळतंय अन् खाली वलंच."

आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे. मराठी समजायची सगळी, बोलायची म्हटली की घाम फुटायचा, म्हणून उर्दूतच बोलायचे. त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "छूत का मर्ज है. एक से दूसरे को लगता है." म्हणजे शिवाशिवीनं पसरणारं. चिठ्ठी माझ्याकडं दिली.

बाहेरच्या माणसाला सांगतो, अशा फोडांना नुसतं वरून औषध फासून काही होत न्हाई. खपलीच्या खाली पू, औषध खपलीच्या वर, दोघांची गाठच पडत न्हाई. आधी कोमट बोरिकच्या पाण्याची पट्टी ठेवून खपली भिजवायची. ओढायची न्हाई, भिजून आपणहून सुटू द्यायची. मंग खालच्या वल्या कातडीला जांभळं औषध. सांगायला सोपं आहे. दीड वर्षाच्या लेकराला दोन हात आणि दोन पाय असतात, पण धरायला गेलं की त्याचे आठ होतात. सोनीचा गाल जांभळा झाला, तिच्या आईचं नाक जांभळं झालं, माझं धोतर जांभळं झालं. ते धोतर मी पुढं दोन वर्षं दवाखान्यातच वापरलं.

गयाला सांगितलं, पोरीची नखं काढ, तिचा टॉवेल वेगळा ठेव, फोडाला हात लावलास की साबणानं धू. आठ दिवसांत गाल साफ झाला. पंधरा दिवसांनी गया परत आली. तोच गाल, तसेच फोड.

मी तिला रागावलो. "धुऊन राह्यली न्हाईस बराबर," म्हटलं. तिनं पुन्हा सगळं केलं, पुन्हा गाल साफ झाला, आणि बारा दिवसांनी पुन्हा फोड. या खेपेला मी तोंड उघडायच्या आत तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले. साबण आणि राख लावून लावून बोटांची सालं निघाली होती. "आता अजून कसं धू, सांगा," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईचं काहीच चुकत नव्हतं, आणि मी तिला भरल्या दवाखान्यात बोललो होतो.

डोक्यात किडा शिरला तो तेव्हा. मी जात्याच चौकस. लहानपणी घड्याळ उघडून बघितल्याबद्दल वडिलांचा मार खाल्लेला माणूस. बरं झालेलं परत येतंय, म्हणजे कुठून तरी आणून कुणीतरी ठेवतंय. ते कुठून?

त्याच महिन्यात त्याच गल्लीतली आणखी चार लेकरं तशाच फोडांची आली. मी पुडीच्या कागदाच्या मागं लेकराचं तोंड काढायला लागलो. एक गोल, दोन डोळे, आणि पहिला फोड जिथं आला तिथं जांभळ्या औषधाचा ठिपका. चित्रकला माझी अशी की सगळी लेकरं भोपळे दिसायची, पण ठिपके बराबर होते. सोनीचा डावा गाल. दुसऱ्याचा डावा गाल. तिसऱ्याचा डावा गाल. चौथ्याचं कपाळ, डाव्या अंगाला. पाचव्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, त्याच्या डाव्या तळपायाला फोड होता. मला तोंडाशेजारी एक पाय काढावा लागला.

मी ते कागद टेबलावर मांडून बघत बसायचो. आधी माशांवर संशय घेतला. पण माशी काय डावा गाल बघून बसते का? मंग जावळ काढणाऱ्या न्हाव्यावर घेतला, तर दोन लेकरांचं जावळच निघालेलं नव्हतं. आणि तो तळपाय मला सुखानं जेवू देईना. पोर पाच महिन्यांचं, जमिनीला पाय लागलेला न्हाई, काटा न्हाई, खडा न्हाई. त्याच्या तळपायाला शिवतं कोण?

मला तेव्हा लेकरू नव्हतं, म्हणून उशीर लागला. एका दुपारी खिडकीसमोर एक बाई उभी होती, कडेवर तान्हं. ऊन उतरत आलं म्हणून ती जायला वळली आणि लेकराचा पाय माझ्यासमोर आला. तळपायाला काजळाची तीट. मी हातातला खल खाली ठेवला. नजर लागू नये म्हणून तीट कुठं लावतात? गालाला, कपाळाला, तळपायाला. आणि लेकराच्या समोर बसून माणूस उजव्या हातानं तीट लावायला गेलं की हात सरळ त्याच्या डाव्या अंगाला पडतो.

"तुमच्या गल्लीत लेकरांना तीट कोण लावतं?" औषधाला आलेल्या गयाच्या शेजारणीला मी विचारलं.

"कासाआजी. अजून कोण?" ती म्हणाली. "तिच्या बोटाला गुण हाये."

कासाआजी म्हणजे गल्लीची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्माला आलेलं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट पालथं घालून ती स्वतः काजळ धरायची, लोण्यात खलायची. रोज सकाळी न्हाऊ-माखू घातलेली लेकरं घेऊन बाया तिच्या ओट्यावर जायच्या आणि ती एका डबीतून, एका बोटानं, ओळीनं सगळ्यांना काजळ-तीट करायची. कुणाकडून कधी काही घेतलं न्हाई. तिच्या बोटानं तीट लागली की लेकरू धडधाकट राहतं, असं बाया शपथेवर सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. बाया अजून यायच्या होत्या. म्हातारी ठेंगणी, ताठ, डोळे बारीक आणि तेज. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी.

"बोटाला काय झालं, आजी?"

"नखुरडं झालंय. महिना-दीड महिना झाला, जाईना बाई." तिनं चिंधी सोडून दाखवलं. नखाच्या कडेला सूज, दाबलं की पिवळा थेंब. "तुमच्याच दवाखान्याचं मलम लावून राह्यले की."

"कुठाय मलम?"

तिनं काजळाची पितळी डबी पुढं केली. आत काळंभोर काजळ. मला काही समजेना. तिनं मोठ्या कौतुकानं समजावलं. "मलम यातच आनलं व्हतं. लई चांगलं, मऊ, लोन्यावानी. म्हनलं सरकारी औषध हाये, एकलीनं कशाला लावावं, लेकरांना बी गुन येईल. मंग लोन्याऐवजी काजळ यातच खललं."

मला ती डबी आठवली. बाजाराच्या गर्दीत खिडकीतून एक पितळी डबी आत आल्ती आणि तिच्यामागं चिंधीचं बोट. मी डबी भरून परत दिली. ती कशाची डबी आहे ते विचारलं न्हाई, बोट उघडून बघितलं न्हाई. आणि अजून एक. बोरिकचं मलम संपत आल्तं म्हणून मी त्यात दुप्पट व्हॅसलिन घोटून वाढवलं होतं. डॉक्टरसाहेबांना न विचारता, माझ्याच शहाणपणानं. सगळ्यांना थोडं थोडं मिळावं म्हणून. त्या मलमानं म्हातारीचं बोट मऊ राहिलं, बरं झालं न्हाई. रोज सकाळी ते बोट डबीत, डबीतून गालावर, गालावरून परत डबीत.

मी निम्मं सांगितलं. "आजी, हे बोट लेकरांना लावू नका. गल्लीतले फोड याच बोटातून आणि या डबीतून चाललेत." उरलेलं निम्मं, माझ्या मलमाचं, सांगितलं न्हाई.

ती बोटाकडं बघत राहिली. "म्या?" एवढंच म्हणाली. मंग चिंधी परत गुंडाळत, "सोनीला बी?"

"हो."

तेवढ्यात गयाची शेजारीण धावत आली. सोनीला ताप भरलाय, डोळा उघडत न्हाई, गया दवाखान्यात गेलीय. मी उठलो. म्हातारी पायात काही न घालता माझ्यामागं निघाली.

सोनीचा डावा गाल लालभडक, ताणलेला, सूज वर चढून डोळा पार मिटलेला. अंगाला हात लावला तर चटका. डॉक्टरसाहेबांनी सुजेच्या कडेला पेनानं रेघ मारली. म्हणाले, ही रेघ ओलांडून सूज डोळ्याच्या मागं गेली तर डोळा जाईल, आणि डोळ्यावर भागणार न्हाई. त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं. आत सल्फाच्या गोळ्यांची एक नळी होती. त्या वक्ताला ते नवं औषध, आमच्या वाट्याला एवढंच आलेलं. एवढ्या पोरीला पाव गोळी, चार-चार तासांनी, सोबत खायच्या सोड्याची चिमूट आणि भरपूर पाणी, न्हाईतर मूत्रपिंडात खडे धरतात.

मी गोळीचे चार भाग केले, एक खलात घोटून गुळाच्या पाण्यात कालवला. सोनीनं तो माझ्या अंगावर उडवला. दुसरा मधात कालवला. तो बी थुंकला. गयानं घाबरून पोरीचं नाक दाबलं, मी तिचा हात झटकला. नाक दाबून पाजलं की औषध पोटाऐवजी फुफ्फुसात जातं, अशी लेकरं गेलेली मी बघितली होती. डॉक्टरसाहेबांनी स्वतः प्रयत्न करून बघितला, त्यांची शेरवानी चिकट झाली. "अंदर नहीं गई तो दवा किस काम की," ते म्हणाले आणि नळीत उरलेल्या गोळ्यांकडं बघायला लागले. सूज रेघ ओलांडायला लागली होती.

कासाआजी पायरीवरच उभी होती, आत आली नव्हती. तिथूनच म्हणाली, "माझ्याकडं द्या. जलमल्यापासून घुटी म्याच चाटवली तिला."

"बोट न्हाई, आजी," मी म्हटलं.

"बोट न्हाई. चमचा द्या."

डॉक्टरसाहेब माझ्याकडं बघायला लागले. मी खिशातून ते भोपळ्यांचे कागद काढून त्यांना दाखवले, दोन वाक्यांत बोटाचं सांगितलं. माझ्या मलमाचं सांगितलं न्हाई. त्यांनी कागद बघितले. "मियाँ, तुम तो जासूस निकले," म्हणाले. मंग स्वतः म्हातारीच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत जाड पट्टी बांधली आणि तिचा डावा हात जंतू मारणाऱ्या जांभळ्या पोटॅशच्या पाण्यात बुडवायला लावला.

म्हातारी हाताकडं बघून म्हणाली, "डाव्या हातानं म्या कुन्या लेकराला कधी काही दिलं न्हाई." मंग स्वतःशीच म्हणाली, "डावा तर डावा."

तिनं पोरीला धरलं न्हाई, आवळलं न्हाई. भिंतीला टेकून पाय लांब केले, गुडघे जरा उचलले आणि सोनीला पायावर घेतलं, डोकं गुडघ्यांवर, तोंड आपल्याकडं. न्हाऊ घालायला घ्यायची तसं. पोरीच्या अंगाला ते पाय ओळखीचे. रडणं हळूहळू उतरलं. म्हातारी काहीतरी पुटपुटत राहिली आणि चमच्याचं टोक दातांच्या बाजूनं गालाच्या आत सरकवलं. थेंबभर ओतलं आणि लेकराच्या तोंडावर हलकी फुंकर मारली. सोनीनं उघडा होता तो डोळा मिटला आणि गटकन गिळलं. पुन्हा थेंब, पुन्हा फुंकर. पाव गोळी आत गेली. डॉक्टरसाहेब वाकून बघत होते.

तोंडावर फुंकर बसली की लेकरू आपसूक गिळतं, हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं न्हाई. पुढच्या सगळ्या नोकरीत मी तसंच औषध पाजलं आणि नव्या कंपाउंडरांना तसंच शिकवलं.

तीन दिवस म्हातारी दवाखान्याच्या ओट्यावरून हलली न्हाई. मी पुड्या बांधायचो, ती पाजायची. दुसऱ्या दिवशी सूज रेघेच्या अलीकडं आली. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि सोनीचा डोळा फटीएवढा उघडला. तिनं समोर कासाआजी बघितली आणि रोजच्या सवयीनं तीट लावून घ्यायला गाल पुढं केला. म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

डॉक्टरसाहेबांनी तिचं नखुरडं चिरलं, नख काढलं. हळूहळू सगळी लेकरं बरी झाली. गावात बोलणं सुरू झालं. कंपाउंडरच्या हाताला लई गुण आहे, मेलेली पोरगी उठवली त्यानं, असं माझ्याबद्दल. आणि म्हातारीच्या बोटानं गल्ली नासवली, असं तिच्याबद्दल. औषध कुणाच्या हातानं पोटात गेलं ते कुणी विचारलं न्हाई. ओट्यावर बाया जायच्या बंद झाल्या. बाळंतपणाला बी दुसरीला बोलवायला लागले. तिला कुणी तोंडावर बोललं तर ती म्हणायची, "व्हय, माझ्याच बोटानं झालं." माझं मलम त्यात होतं हे ती बी जाणून होती. डबी मीच भरलेली, तिला चांगलं ठाऊक. एका शब्दानं कुणाजवळ बोलली न्हाई. आणि मी, सरकारी नोकर, नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. नोकरी गेली नसती. फार तर बोलणी बसली असती. हे मला तेव्हा बी कळत होतं.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. बाराव्या दिवशी सकाळी, बाया पाण्याला जायच्या वेळेला, मी तिला दुपट्यात गुंडाळून मारुतीच्या मागच्या गल्लीत घेऊन गेलो. बायको चिडली होती, तरी मागून आली. गल्लीतल्या बाया हंडे घेऊन थबकल्या. गया बी होती, सोनी तिच्या पदराला धरून. डाव्या पापणीवर बारीक वण.

"आजी, तीट लावा," मी म्हटलं.

"म्या सोडलं ते," कासाआजी म्हणाली.

मुलीला बायकोकडं देऊन मी खिशातून नवी डबी काढली, घरी धरलेल्या काजळाची, आणि पोटॅशच्या पाण्याची बाटली. बाटलीला पट्टी चिकटवलेली, खाचांसकट, निव्वळ सवयीनं. म्हातारी ती पट्टी बघून हसली. ओट्यावरून उठून तिनं डावा हात पुढं केला, मी त्यावर पाणी घातलं. तिनं माझ्या मुलीच्या गालाला तीट लावली. उजव्या गालाला लागली, डावा हात होता ना.

गयानं हंडा खाली ठेवला आणि सोनीला पुढं ढकललं. सोनीनं गाल पुढं केला.

तेव्हा मी तोंड उघडायला पाहिजे होतं. सगळ्या बाया समोर उभ्या होत्या, डबी माझ्या हातात होती. म्हातारीनं माझ्याकडं एकदा बघितलं, वाट बघितल्यासारखं. मी पाणीच घालत राहिलो. कासाआजी जाऊन आता लई वर्षं झाली. मलम माझं होतं, आजी. पातळ मीच केलं होतं.